एका झाडाला दोन बोटी

वादळापुढे सगळी माणसं सारखी असतात. बायू सेरीझ या संथ खाडीवर हे वाक्य दर मोसमाच्या सुरुवातीला, कोळंबीच्या बोटींवर पवित्र पाणी शिंपडताना, फादर लाँद्री उच्चारतात. उच्चारताना त्यांचा आवाज जरा कापतो आणि ऐकणारे टोप्या काढतात. पुढे ऑगस्टात पहिला इशारा आला की फादर आपल्या थंडगार गाडीत बसून दीडशे मैल उत्तरेला बहिणीकडे निघून जातात, आणि बाकीची सारखी माणसं बोटी बांधायला लागतात.

एलोई शोवँला फादरचा राग नव्हता. पाद्र्याकडे बोट नसते, त्याने मागे थांबून बांधायचं तरी काय? एलोईकडे बोट होती, 'मिस युला', आईच्या नावाची. वय एकसष्ट. एलोईचं, बोट त्याच्याहून थोडी धडधाकट होती.

या वेळच्या वादळाचं नाव बर्निस. ते कसं तयार झालं हे एलोईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आठवडाभर आखाताचं पाणी आंघोळीला काढल्यासारखं झालं होतं. बादलीतली कोळंबी धक्क्याला यायच्या आत मान टाकत होती. अशा पाण्यावरची हवा तापून वर चढते. तिची जागा भरायला चारी बाजूंची हवा धावत सुटते, पण खाली पृथ्वीच फिरत असल्यामुळे तिला सरळ येता येत नाही. ती वाकडी वळते आणि गोल फिरायला लागते. पाणी जितकं गरम तितकी ती माजते, आणि जमिनीवर आली की उपासमारीने मरते. मधोमध मात्र काहीच नसतं. स्वच्छ आभाळ, वारा नाही, एखादा दमलेला पक्षी. एवढा सगळा थयथयाट त्या काहीच-नाहीच्या भोवती. एलोईला हे शास्त्र लगेच पटायचं, कारण त्याच्या घरातही असंच एक भांडण अकरा वर्षं फिरत होतं.

भांडण धाकट्या भावाशी, क्लोव्हिसशी. आणि अडचण अशी की वादळ आलं की दोघांना एकाच झाडाला बोटी बांधाव्या लागत.

ती रीतच आहे. वादळाची वर्दी आली की बायूवरच्या बोटी समुद्राकडे पाठ फिरवून वर चढतात. पूर अडवणारं दार मागे टाकून, उचलता पूल मागे टाकून, उसाच्या फडांच्या पलीकडे जिथे जुने सायप्रस पाण्यात पाय सोडून उभे आहेत तिथपर्यंत. तिथे प्रत्येक घराण्याचं झाड ठरलेलं आहे. त्याचा कागद कुठेही नाही, पण दुसऱ्याच्या झाडाला दोर लावायची हिंमत अजून कुणी केलेली नाही. शोवँ घराण्याचं झाड एक आणि मुलगे दोन. बापाने घर वाटलं, जमीन वाटली (ती पुढे समुद्राने दोघांकडूनही सारखीच घेतली), पण झाड काही वाटता आलं नाही. तेव्हा एकीचा दोर झाडाच्या उजव्या अंगाने, दुसरीचा डाव्या अंगाने, आणि दोन्ही बोटींना एकमेकींशी धरून ठेवणारा एक मधला दोर.

बांधून घरी जायचं, असंही नसतं. समुद्राचं पाणी वर ढकललं गेलं की बायू सहा-सहा, आठ-आठ फूट चढतो. दोर ताठ राहिला तर बोट नाक खुपसून बुडते. जास्त ढिला सोडला तर उसात जाऊन बसते. म्हणून बोटीवर माणूस लागतो, पाणी चढेल तसतसा हातभर दोर सोडायला.

अकरा वर्षांपूर्वी 'लिओना' नावाच्या वादळात मधला दोर निसटला. उजाडलं तेव्हा 'मिस युला' पाण्यापासून तीनशे यार्डांवर उसाच्या फडात उभी होती. क्रेन यायला तीन आठवडे गेले. एलोईचं म्हणणं, क्लोव्हिसने दोर अवेळी सोडला. क्लोव्हिसचं म्हणणं, एलोईला डुलकी लागली. तेव्हापासून दोघे बोलत नव्हते.

बोलत नव्हते म्हणजे वैर होतं असं मात्र नाही. पाच वर्षांपूर्वी एलोईची बायको बर्त गेली, तेव्हा शवपेटीचा पुढचा डावा कोपरा क्लोव्हिसच्या खांद्यावर होता. त्यानंतर तीन दिवस तो एलोईच्या ओसरीवर येऊन बसला, एक शब्द न बोलता, आणि जाताना ओसरीची मोडकी पायरी दुरुस्त करून गेला. फक्त बोलायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

बोलायचं काम ओदीलकडे होतं. ओदील त्यांची थोरली बहीण, बायूवर सगळ्यांची 'तांत ओदील'. तांत म्हणजे आत्या, मावशी, काकू, ज्याला जी लागेल ती. तिचं घर चार मैल वर, पुलापाशी, उंच खांबांवर. नवरा मच्छीमार होता. तो गेला, त्याचा रेडिओ स्वयंपाकघरात राहिला. वादळात ओदील त्या रेडिओवर हवामानखात्याचं निवेदन वाचून दाखवी, आणि मधल्या वेळात भावांचे निरोप इकडून तिकडे करी. रेडिओची पद्धत साधी: बटण दाबलेलं असेल तो बोलतो, बाकी सगळ्यांनी ऐकायचं. ही शिस्त बायूवर फक्त रेडिओतच पाळली जाते.

गेल्या आठवड्यात ओदीलने जो निरोप आणला तो मात्र क्लोव्हिसने पाठवलेला नव्हता. तो तिचा तिनेच आणला.

"क्लोव्हिस बोट विकतोय. गस्ताव्ह बादोला. सोमवारी कागद."

"आणि तो?"

"वर लेकीकडे. नेल तर नवऱ्याच्या आधीच गेलीये. लेकीच्या ओळखीचं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथे लागणार. खिळे विकायला."

"खिळे?"

"खिळे."

एलोईने तेव्हापासून एक वाक्य मनात तयार ठेवलं होतं. लहानसंच होतं. पण काही निरोप बहिणीच्या हाती देता येत नाहीत, आणि दुसरा रस्ता त्याने स्वतःच अकरा वर्षांपूर्वी बंद केला होता. आज शनिवार. म्हणजे बर्निससकट त्याच्याकडे दोन दिवस उरले होते.

सकाळी नऊला शेरीफचा माणूस छोट्या होडीतून झाडांना बांधलेल्या प्रत्येक बोटीपाशी आला. बोटीवर थांबायला मनाई आहे, असं त्याने सांगितलं, आणि कुणी ऐकणार नाही हे माहीत असल्यामुळे लगेच खिशातून काळा मार्कर काढला.

"दंडावर नाव आणि जन्मतारीख लिहा. नंतर ओळख पटवायला सोपं जातं."

"मला इथे सगळे ओळखतात," एलोई म्हणाला.

"ते तोंड बघून. जवळचं नातेवाईक कोण?"

"बहीण."

शेरीफच्या माणसाने चार फुटांवरच्या क्लोव्हिसच्या बोटीकडे, 'मिस ओदील'कडे पाहिलं. क्लोव्हिस तिथे दंड पुढे करूनच उभा होता. "आणि हे कोण?"

"ती शेजारची बोट आहे," एलोई म्हणाला.

तो गेल्यावर एलोईने न्याहारी केली. पावावर भरपूर काकवी, आणि काकवी लागलेल्याच हातात माईक, कारण तेवढ्यात शेजारच्या बोटीचा मागचा दोर काठाला घासताना त्याला दिसला.

"ओदील, त्याला सांग, मागचा दोर घासतोय."

"क्लोव्हिस, एलोई म्हणतो तुझा मागचा दोर घासतोय."

"त्याला सांग, मला डोळे आहेत."

"एलोई, त्याला डोळे आहेत."

"आहेत ना? मग वापर म्हणावं."

"क्लोव्हिस, वापर."

चार फुटांवरून क्लोव्हिसचा आवाज एलोईला एकदा हवेतून येई, एकदा रेडिओतून, आणि तिसऱ्यांदा ओदीलच्या तोंडून. एकच वाक्य तीनदा ऐकल्यामुळे त्यातला राग बराच पातळ होई. ओदीलला हे माहीत असावं.

मध्येच नाँक अल्सीद घुसला. हा बायूवरचा सगळ्यात म्हातारा, त्र्याऐंशी वर्षांचा, म्हणून सगळ्यांचा नाँक, म्हणजे काका. "पोरांनो, भांडण नंतर. माझा गुडघा सांगतोय, हे सरळ आपल्यावर येणार."

"खातं म्हणतंय अजून ठरलेलं नाही," ओदील म्हणाली. "ताशी पंच्याण्णव मैल. दुपारनंतर जमिनीला लागेल. कुठे, ते बाराच्या निवेदनात सांगतील."

"खात्याला गुडघा नाही," अल्सीद म्हणाला.

बारा वाजता वाऱ्याने अंग झाडलं. पाऊस आडवा झाला, सायप्रसच्या फांद्या कुरकुरायला लागल्या, आणि त्यातली एक वाळकी फांदी थेट 'मिस ओदील'च्या टपावर आली. एरियल मुळापासून मोडून पाण्यात गेलं. क्लोव्हिस बाहेर आला, त्याने वर पाहिलं, पाण्यात पाहिलं, शेवटी एलोईकडे पाहिलं, आणि बोलला नाही.

एलोई केबिनमध्ये गेला. माईक उचलून त्याने बटण दाबलं.

"ओदील, क्लोव्हिसला सांग त्याचं एरियल तुटलंय."

उत्तर नाही. या वाक्यात काय चुकलंय ते एलोईच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्याने पुन्हा हाक मारली. "ओदील? अल्सीद? कुणी आहे का?" काहीच नाही. खरखरसुद्धा नाही. बोलताना पेटणाऱ्या लाल दिव्यावर त्याने डोळ्यांवर येतो म्हणून कधीच चिकटपट्टी लावली होती, त्यामुळे तिथेही बघण्यासारखं काही नव्हतं. ओदीलच्या घरचा खांब पडला असणार. घरच पडलं नसलं म्हणजे मिळवली. त्याने माईक हुकाला अडकवला. बोटं काकवीने अजून चिकटत होती, ती पँटला पुसली.

बाहेर मधला दोर गुणगुणायला लागला होता.

दोर गुणगुणला की फार वेळ नसतो. दोन्ही टोकांनी एकाच वेळी हातभर सोडायचा असतो. एकाने आधी सोडला की सगळा झटका दुसऱ्याच्या गाठीवर बसतो. लिओनानंतर हे काम ओदील करत आली होती. ती स्वयंपाकघरात उभी राहून रेडिओवर एक, दोन, तीन मोजून 'सोडा' म्हणायची आणि तिकडे झाडापाशी दोन भाऊ दोर सोडायचे. आज मोजायला कुणी नव्हतं. क्लोव्हिस आपलं टोक धरून उभा, एलोई आपलं. पाणी डेकच्या दिशेने चढत होतं. दोर वरच्या पट्टीत गेला.

"तीनला सोड," एलोई ओरडला.

अकरा वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. त्यावर क्लोव्हिसचं पहिलं वाक्य असं:

"तीनला, का तीन म्हटल्यावर?"

"तीन म्हटल्यावर!"

"बाबा तीनलाच सोडायचे!"

"बाबा नाहीत! तीन म्हटल्यावर!"

"मग मोज ना, बोंबलतोस काय नुसता!"

एलोईने मोजलं. दोर सुटला, दोन्ही बोटी एकदमच हुश्श करून हातभर वर आल्या. क्लोव्हिस दोर पक्का करून तसाच उभा राहिला. पावसात त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. मग त्याने पाय उचलला, चार फूट ओलांडले, आणि एलोईच्या केबिनमध्ये येऊन पाणी गाळत उभा राहिला.

"एलोई. लिओनाला तू केव्हा सोडलास?"

"तीन म्हटल्यावर."

"मी तीनला."

अकरा वर्षं भागिले अर्धा सेकंद असा काहीतरी हिशेब एलोईच्या डोक्यात सुरू झाला आणि त्याने तो सोडून दिला. त्याने भावाला टॉवेल दिला आणि कॉफी ओतली.

"तुझा पण बंद?" क्लोव्हिसने रेडिओकडे हनुवटी केली.

"मेला. ओदीलकडचा खांब पडला बहुतेक."

"म्हणजे आता कुणीच नाही."

"कुणीच नाही. गंबो खाणार? ओदीलने डबा दिलाय. भेंडीचा."

"नको रे बाबा! तिच्या गंबोला एवढी तार असते की त्याने बोट बांधावी."

"मी चाळीस वर्षं खातोय."

"मी अकरा वर्षं दोन दोन डबे खातोय. माझ्याकडे आली की दोन डबे द्यायची, एक तुला आणि एक एलोईला दे म्हणून. तुला कसा देणार? बोलत नव्हतो."

एलोईने डबा उघडला, दोन चमचे काढले. क्लोव्हिसने तोंड वाकडं केलं आणि अर्ध्याहून जास्त खाल्ला.

"अल्सीदचा गुडघा काय म्हणाला, ऐकलंस ना?"

"सरळ आपल्यावर."

"मग नक्की टेक्सासला जाणार. त्याचा गुडघा कधी बरोबर आलाय का?"

"एकदा आला होता. त्याच सकाळी तो जिन्यावरून पडला होता."

क्लोव्हिस हसला. खांदे हलवून, नाकातून, लहानपणी चर्चमध्ये हसायचा तसा. एलोईने चमचा खाली ठेवला.

"तू असाच हसला होतास."

"कधी?"

"उसात."

क्लोव्हिस थांबला. "तेवढ्यावरून?"

"दोराचं मी एका आठवड्यात विसरलो असतो."

"एलोई, देवाशपथ सांगतो. बोट उसात उभी होती. सरळ. नांगरासकट. तिच्या सावलीत गाय बसलेली. आणि तू वर डेकवर उभा राहून त्या गाईला हट, हट करत होतास. मी रडायला पाहिजे होतं का?"

"मी अर्धा तास वाट बघितली, तू थांबशील म्हणून."

"थांबलो होतो. मग परत गाय दिसली."

एलोई खिडकीतून पावसाकडे बघत राहिला. "मोठी होती," तो म्हणाला. "तपकिरी."

"पांढरी."

"तपकिरी होती, क्लोव्हिस. मी तीन आठवडे तिच्याबरोबर राहिलोय."

या विषयावर अर्धा तास गेला. मध्ये दोनदा उठून त्यांनी दोर सोडला, दोन्ही वेळा तीन म्हटल्यावर. दुसऱ्या वेळी पाणी थांबल्यासारखं वाटलं, पण दोघांपैकी कुणी ते बोललं नाही. आत येऊन बसल्यावर एलोईने विचारलं, "सोमवारी कागद?"

"सोमवारी."

"गस्ताव्हने बोट चालवून बघितली?"

"पुढे नेऊन बघितली."

"आणि मागे?"

क्लोव्हिसने कॉफीच्या कपात पाहिलं. "मागे नाही बघितली."

"मागे काय होतं?"

"गिअरबॉक्स गेलाय. मागे घ्यायला गेलं की मिस ओदील आधी थरथरते. मग किंचाळते. मग जरा विचार करते, आणि पुढेच जाते."

"कधीपासून?"

"मेपासून. तेल पण टाकते. दिवसाला दोन गॅलन."

"गस्ताव्हला सांगितलंस?"

"त्याने विचारलं नाही."

"धक्क्यावर आदळेल बिचारा."

"सरळ आदळेल. सरळ फार छान जाते."

एलोईला हसू आलं, पण सोमवार तसाच होता. "खिळ्यांतलं काय कळतं तुला?"

"वाकडा आणि सरळ. तेवढं पुरतं म्हणे." क्लोव्हिसने टॉवेल गळ्यात घेतला. "माझ्या विहिरीचं पाणी खारट झालं, माहितीये? नेलचं संत्र्याचं झाड वाळलं. बाबांच्या वेळी पुराच्या दाराच्या खाली पाच मैल गवताळ दलदल होती. वादळ त्या गवतात पाय ओढत ओढत दमून यायचं. आता गवतच नाही. ताजंतवानं येतं, आंघोळ करून आल्यासारखं. लेक म्हणते, बाबा, इथे रस्ता कोरडा असतो. मला वाटलं, चला, एकदा कोरडा रस्ता बघावा."

सगळं खरं होतं. आठवडाभर तयार ठेवलेलं वाक्य तोंडाशी आलं, आणि तिथून जरा वाकडं वळलं.

"एका बोटीने झाड जाईल," तो म्हणाला.

"काय?"

"झाड. पन्नास वर्षं दोन्ही अंगांनी ओढ बसलीये त्याला. उजवीकडून तेवढी, डावीकडून तेवढी. एकाच अंगाने ओढलं तर उपटेल."

क्लोव्हिस त्याच्याकडे बघत राहिला. "तू मला थांब म्हणतोयस का?"

"मी झाडाचं बोललो."

"मी झाडासाठी थांबू?"

"तुझं तू बघ. मला झाडाची काळजी."

बाहेर पाऊस सरळ पडायला लागला होता. क्लोव्हिसने कपातली शेवटची कॉफी फिरवली, प्यायली, आणि कप उपडा ठेवला, त्यांची आई ठेवायची तसा.

"झाडाला सांग," तो अगदी हळू म्हणाला, "की मला ऐकून बरं वाटलं. पण सोमवारी कागद आहेत."

"सांगतो," एलोई म्हणाला.

चारच्या सुमाराला वारा पडला. ढगात फट होऊन ऊन आलं आणि उसाचा फड चकाकायला लागला. बांधावर गाडीचा हॉर्न वाजला, थांबला, पुन्हा वाजला, आणि मग नुसता वाजतच राहिला. गाडीतून रबरी बुटांत ओदील उतरली. ती धडधाकट होती, तिचं घरही धडधाकट असावं, कारण घर पडलेली बाई इतकी चिडत नाही.

"बटण!" ती ओरडत होती. "बटण सोड!"

"कुठलं बटण?"

सत्तरीची बाई फळीवरून बोटीत आली, दोघांना बाजूला सारून केबिनमध्ये शिरली आणि हुकावरचा माईक तिने हातात घेतला. बटण आत गेलेलं होतं, काकवीने चिकटून. तिने नखाने ते उकरलं. टक् असा आवाज झाला आणि केबिनमध्ये चाळीस माणसं एकदम शिरली.

सगळी हसत होती. कुणी गाईसारखं हंबरलं. कुणीतरी "हट, हट!" केलं. त्यातून नाँक अल्सीदचा आवाज वर आला: "जिन्यावरून मी पडलो नव्हतो, एलोई! जिना मोडला होता!"

"चार तास!" ओदील म्हणाली. "वादळ पश्चिमेला वळलं, घरी जा, हे मला बाराच्या ठोक्याला सांगायचं होतं. तू बटण दाबून बसलेला. एक माणूस तोंड उघडू शकला नाही."

बाकीच्यांना दुसरा चॅनेल लावता आला असता. कुणी लावला नाही.

"सगळं ऐकलंत?" क्लोव्हिसने विचारलं.

"मी थरथरते, किंचाळते, आणि जरा विचार करते, तेसुद्धा."

"ओदील, ती बोट—"

"आणि माझ्या गंबोने बोटी बांधतात." तिने रिकामा डबा उचलला, आत पाहिलं, चाटूनपुसून साफ होता. तिने तो काखेत घेतला, आणि मग, दोघांना अनपेक्षितपणे, दोघांचीही डोकी एकेका हाताने धरून आपल्या ओल्या रेनकोटवर दाबली. ती रडत होती की हसत होती हे तिथून दिसत नव्हतं. "पांढरी होती," ती म्हणाली. "गाय. मी बघितलीये."

रेडिओवरचा गोंधळ हळूहळू निवला. मग एक आवाज आला, शांत, सावकाश.

"क्लोव्हिस. गस्ताव्ह बोलतोय. सोमवारचं राहू दे."

पुढच्या रविवारी फादर लाँद्री परत आले. प्रवचनात त्यांनी सांगितलं की वादळ तोडतं तसं जोडतंही, आणि एका भावाच्या साध्या शब्दांनी दुसऱ्या भावाचे पाय आपल्या मातीत रोवले गेले. बायकांनी डोळे पुसले. एलोई पहिल्या रांगेत ताठ बसला होता. बटण मुद्दाम दाबून ठेवलं होतं का, असं त्याला बऱ्याच जणांनी विचारलं, आणि त्याने कुणालाच नाही म्हटलं नाही. त्याच्या शेजारी बसलेला क्लोव्हिस प्रवचनभर समोर बघत होता.

क्लोव्हिसने सप्टेंबरमध्ये बोट पुन्हा विकायला काढली, ऑक्टोबरमध्ये किंमत उतरवली, नाताळच्या आधी आणखी एकदा उतरवली. बायूवर बेचाळीस बोटी आहेत. दोघांच्या सोडल्या तर त्या शनिवारी बाकीच्या चाळीसही बोटींवर रेडिओ चालू होता. जानेवारीत नेल संत्र्याचं नवं रोप घेऊन परत आली आणि कुंडीत लावलं.

'मिस ओदील' अजून मागे जात नाही.